तिरपा उजेड

निकमवहिनींच्या नथीतला मोती कपाटाखाली गेला आणि घरातली पाच माणसं एकदम जमिनीवर पालथी पडली. दुपारचे बारा वाजले होते, पण सागवानी कपाटाखालच्या वीतभर फटीला दिवस काय आणि रात्र काय. निकमांनी टॉर्च लावला. फटीत पांढराशुभ्र उजेड घुसला आणि साचलेली धूळ, एक पेन्सिल, मेलेलं झुरळ, सगळं लख्ख दिसायला लागलं. “लवकर, लवकर,” म्हणत पाचही डोकी एकमेकांवर आपटत होती. टॉर्च कोमट झाला, मग गरम झाला आणि तिसऱ्या मिनिटाला त्याचा उजेड झपकन उतरून समईच्या वातीएवढा राहिला.

“लाजला,” निकम म्हणाले. सगळे उठून कपडे झटकू लागले. तो निवायला वीस मिनिटं लागणार, आणि पंगत तर खोळंबलेली. वहिनी म्हणाल्या, जाऊ दे, मिळेल कधीतरी.

शेजारच्या शेडमधून जेवायला आलेल्या केतकी वडकेला या ‘जाऊ दे’ची भयंकर चीड होती. गेल्या दहा वर्षांत ते ओगलेवाडीतच नव्हे, सगळीकडे ऐकू यायला लागलं होतं. काडेपेटीएवढा घनसेल आता महिनाभर पुरायचा. नखाएवढी प्रकाशचकती अख्खं मैदान उजळायची. विजेला तोटा नव्हता, उजेडालाही नव्हता. अडचण उरली होती ती आचेची. चकतीत शिरणाऱ्या विजेतली निम्मी उजेड होऊन बाहेर पडते आणि निम्मी उष्णता होऊन आत बसते. मुठीत मावणाऱ्या वस्तूतून ती बाहेर काढायची कुठून, हे कुणालाच धड जमलं नव्हतं. सुरुवातीला लोकांचे तळहात भाजले, कुणाच्या गाडीची सीट पेटली, आणि मग अठ्ठेचाळीसचा नियम आला. टॉर्चचं कवच अठ्ठेचाळीस अंशांना पोचलं की आतली ‘नियामक’ नावाची चिप उजेड दहाव्या हिश्श्यावर आणून ठेवते. त्यानंतर कुणाचा हात भाजला नाही हे खरं. पण तीन मिनिटांत जे दिसेल तेवढंच पाहायचं आणि उरलेलं सोडून द्यायचं, ही खोड माणसांना लागली ती लागलीच.

केतकी शेडमध्ये जाऊन आपला टॉर्च घेऊन आली. तांब्याचा, हातभर लांब, लांब मानेच्या तांब्यासारखा दिसणारा. तो तिनं कपाटाशेजारी जमिनीला टेकवून लावला आणि शांतपणे आडवी पडून बघत राहिली. तीन मिनिटं झाली, सात झाली. बाकीचे जेवायला बसले, तरी उजेड तसूभर हलला नाही. चौदाव्या मिनिटाला मोती सापडला, मागच्या पायाच्या खाचेत. वहिनींना आनंद झालाच, पण त्यांचं लक्ष फरशीवर होतं.

“अगं, हा गळतोय.”

“गळत नाही वहिनी, घामेजतोय,” केतकी म्हणाली आणि पदराला हात न पुसता जेवायला बसली.

केतकीच्या घरात तीन पिढ्यांनी तांबं ठोकलं होतं. आजोबांचे बंब आणि घंगाळी कराडच्या निम्म्या न्हाणीघरांत होती. आच धरून ठेवणारी भांडी करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि नात मात्र आच घालवायची कशी, या एका प्रश्नामागे बारा वर्षं हात धुऊन लागली होती. तिच्याकडे येणारी गिऱ्हाइकं मोजकी होती: विहिरीत उतरणारे पाणबुडे, गुहांत शिरणारे संशोधक, डोंगरात हरवलेल्यांना शोधणारी पथकं. शिंप्यानं माप घ्यावं तसं ती त्यांच्या मुठीचं माप घ्यायची आणि एकेक टॉर्च हातानं करून द्यायची. कायदा होता म्हणून नियामक बसवायची, पण तो बसवताना तिला दर वेळी लाज वाटायची.

तिनं काय काय करून पाहिलं नव्हतं? जाड तांब्याचं कवच केलं, तर टॉर्च दीड किलोचा झाला आणि फक्त सहा मिनिटं टिकला. आत मेण भरलं. मेण वितळताना आच पितं, पण सगळं वितळलं की खेळ खलास. बारका पंखा बसवला, तो धुळीनं बसला. मग एका चैत्रात तिनं माठातलं पाणी पिताना माठालाच हात लावून पाहिला आणि मातीला जमतं ते तांब्याला का जमू नये, म्हणून हट्टाला पेटली. तिनं कवचावर तांब्याच्या भुकटीचा थर भाजून चढवला. भट्टीत कण एकमेकांना चिकटतात, पण त्यांच्यामधली छिद्रं उघडी राहतात. मुठीतल्या पोकळीत पाव लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी. तो थर वातीसारखं पाणी वर ओढतो, माथ्याजवळच्या कंगोऱ्यांवर पसरवतो आणि तिथं त्याची वाफ होताना ते आच सोबत घेऊन जातं. थेंब ओघळून जाऊ नयेत, पातळ पसरून राहावेत, म्हणून कंगोऱ्यांवर आजोबांच्याच हातोडीनं दाट खळ्या पाडल्या. या कामाला तांबट मठारणं म्हणतात. चाळीस हजार ल्यूमेनचा उजेड, कवच सेहेचाळीस अंशांवर, आणि एका भरणीत दीड तास. पहिल्यांदा तो आकडा दिसला तेव्हा ती शेडमध्ये एकटीच रडली होती.

मोत्याची गोष्ट निकमांनी कामावर जाऊन सांगितली. ते आंबेखिंड जलविद्युत प्रकल्पाच्या भांडारात कारकून होते. दोन दिवसांनी, बुधवारी, त्याच प्रकल्पाचा धाकू झोरे केतकीच्या शेडमध्ये येऊन उभा राहिला. वय साठीला टेकलेलं, अंगानं वाळलेला, डोळे मात्र लहान आणि तिखट. बोगद्यातला गाळ काढणाऱ्या, त्याच्यासकट सात माणसांच्या टोळीचा तो मुकादम होता. त्यानं टॉर्च हातात घेतला, लावला, आणि तो भिंतीला जवळजवळ चिकटवून धरला. शेडच्या गुळगुळीत वाटणाऱ्या भिंतीवर थापीचे सगळे फराटे उठून दिसले.

“ताई, उजेड असा तिरपा लागतो,” तो म्हणाला. “समोरनं मारला तर भिंत गुळगुळीतच दिसती.”

मग त्यानं सगळं सांगितलं. धरणातलं पाणी डोंगराच्या पोटातून चार किलोमीटर बोगद्यानं खाली वीजघरात जातं. दर सहा वर्षांनी दारं बंद करून बोगदा दोन दिवस रिकामा करतात आणि आतून तपासतात. पूर्वी माणसं तपासायची. आता ड्रोन जातात, फोटो काढतात, आणि संगणक सांगतो की सगळं ठीक आहे. सहा वर्षांपूर्वी गाळ काढताना धाकूनं सोळाशे चाळीस मीटरच्या खुणेपाशी अस्तराच्या काँक्रीटवर हातोडा मारला, तेव्हा आवाज बद्द आला होता. आत पोकळ असल्याशिवाय असा आवाज येत नाही. त्यानं साहेबांना सांगितलं, साहेब म्हणाले फोटो दाखव. टोळीला मोठा टॉर्च मिळतो एकच, आणि तो तीन मिनिटांत लाजतो. तेवढ्यात सहा मीटर व्यासाच्या बोगद्यात भेग शोधायची तरी कुठं?

“तवाधरनं आमच्या येडगेवाडीमागं एक झरा फुटलाय,” धाकू म्हणाला. “भर उन्हाळ्यात वाहतोय. बायका त्येला हळदकुंकू वाहत्यात. मला झोप लागत न्हाई.”

येडगेवाडी बोगद्याच्या बरोबर खाली, डोंगराच्या उतारावर. ऐंशी घरं. केतकीला पुढचं सांगावं लागलं नाही. भेगेतून दाबानं शिरणारं पाणी सहा वर्षं डोंगर आतून भिजवत असेल, तर तो उतार एक दिवस खाली येणार, आणि येताना वाडी घेऊन येणार. धाकूनं कार्यकारी अभियंता शेवडे साहेबांना पुन्हा विचारलं होतं. शेवडे माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, कुठलाही टॉर्च ने, माझी ना नाही, फक्त प्रमाणपत्राचा असला पाहिजे. बोगदा येत्या सोमवारी सकाळी रिकामा होणार होता आणि मंगळवारी चार वाजता दारं पुन्हा उघडणार होती.

नियमात एक वाट होती. कवच आपोआपच अठ्ठेचाळीसच्या आत राहत असेल, तर नियामकाची सक्ती नाही, असं कलमात स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणून केतकीनं या टॉर्चमध्ये तो बसवलाच नव्हता. शुक्रवारी सकाळी केतकी पुण्याच्या प्रकाश-उपकरण प्रमाणन केंद्रात टॉर्च घेऊन हजर झाली. परीक्षक गोडांबे बाई चोख होत्या. त्यांनी टॉर्च लाकडी चिमट्यात उभा केला, लावला, घड्याळ सुरू केलं. दोन मिनिटांनी एक पांढरं फडकं घेतलं आणि टॉर्चचं सगळं अंग पुसून कोरडं करून मग तापमापक टेकवला.

दोन मिनिटांनी बाईंनी पुन्हा पुसलं. पुन्हा दोन मिनिटांनी. तिसरं फडकं ओलं झालं तेव्हा आकडा अठ्ठेचाळीस ओलांडून एकावन्नवर गेला होता. केतकी म्हणाली, मॅडम, पुसू नका, त्या पाण्यावरच तो थंड राहतो. बाईंनी पद्धतीचा कागद पुढे केला. प्रत्येक नोंदीपूर्वी उपकरण कोरड्या कापडानं पुसावं, ओलाव्यानं तापमापकाची नोंद चुकते. कागद खोटा नव्हता. तो लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही घाम येणारा टॉर्च आला नव्हता, एवढंच.

“तुम्ही त्याचा घाम पुसताय आणि वर त्यालाच ताप आला म्हणताय,” केतकी म्हणाली.

“नियमात घाम नाही,” गोडांबे बाई म्हणाल्या. “गळती आहे.”

अहवालात दोन शेरे आले. तापमान मर्यादेबाहेर. उपकरणातून द्रवाची गळती. फेरतपासणीसाठी नव्वद दिवसांनी अर्ज करावा. परतीच्या एसटीत केतकी टॉर्च मांडीवर घेऊन बसली होती आणि साताऱ्यापर्यंत तिचा राग उतरला नव्हता. साताऱ्यानंतर तो आणखी चढला. तिला आपल्या टॉर्चबद्दल वाईट वाटत नव्हतं. ऐंशी घरांच्या वाटेत एक पांढरं फडकं आडवं आलं, याचा तिला संताप होता.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता ती आंबेखिंडीच्या फाट्यावर उतरली. प्रमाणपत्र नसताना टॉर्च आणावा की नाही यावर तिनं तीन दिवस विचार केला होता आणि शेवटी तो पिशवीत घातला होता. धाकूच्या हातात द्यायचा आणि परत जायचं, असं ठरवून ती आली होती. धाकू टपरीपाशी उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“काल सकाळी बोगदा रिकामा केला,” तो म्हणाला. “सांच्याला झरा आटला.”

म्हणजे झऱ्याचं पाणी बोगद्यातलंच होतं. मग केतकीनं विचारलं, साहेबांना सांगितलं का? सांगितलं होतं. साहेब म्हणाले, उन्हाळ्यात झरे आटतात, झोरे. ड्रोनचा अहवाल कालच आला होता आणि त्यात एकही भेग नव्हती. केतकीनं पिशवी खांद्याला अडकवली आणि टोळीत एखादी जागा रिकामी आहे का, ते विचारलं. एक जण आजारी होता. धाकूनं तिच्या चपलांकडं पाहिलं आणि कुणाचे तरी गमबूट आणून दिले.

बोगद्याच्या तोंडाशी पहारेकऱ्याचं यंत्र होतं. ते टॉर्चमधल्या नियामकाची खूण वाचायचं आणि प्रमाणपत्र नसेल तर शिट्टी मारायचं. केतकीच्या टॉर्चमध्ये नियामकच नव्हता, त्यामुळे यंत्राच्या लेखी तो टॉर्चच नव्हता. पहारेकऱ्यानं तांब्याचं ते धूड हलवून पाहिलं. आत पाणी डुचमळलं.

“पाणी हाय व्हय?”

“पाणीच आहे,” केतकी म्हणाली. ती खोटं बोलली नव्हती. तिनं आणखी दोन बाटल्या दाखवल्या, त्यांतही पाणीच होतं.

आत जाण्यापूर्वी प्रत्येकानं पितळेचा एकेक बिल्ला फळ्यावर टांगला. बोगदा खोदला तेव्हापासूनचा हा दंडक होता. फळ्यावर एक जरी बिल्ला लटकत असला, तरी दारांच्या कळीला कुणीही हात लावायचा नाही. साहेब असो की मंत्री. केतकीनं सातव्या खिळ्यावर आपला बिल्ला अडकवला आणि अंधारात पाऊल टाकलं.

आत हवा कोंदट आणि उबट होती. पायाखाली घोट्याएवढा गाळ. डोक्यावरच्या लहान दिव्यांत पुढच्या माणसाची पाठ दिसायची, बाकी काही नाही. सोळाशेच्या खुणेपाशी धाकूनं टॉर्च एका लांब बांबूच्या टोकाला बांधला आणि छताला टेकवून पुढच्या दिशेनं रोखला. केतकीनं कळ दाबली. पन्नास मीटरपर्यंतचं छत एकदम जिवंत झालं. साच्याच्या फळ्यांच्या खुणा, काँक्रीटमधले फुगे, जुन्या कामगारांच्या थाप्यांचे ठसे, सगळ्यांच्या सावल्या पडल्या. सहा माणसं बांबू हळूहळू फिरवत पुढं सरकली. तीन मिनिटं झाली तेव्हा सगळ्यांनी सवयीनं वर पाहिलं. उजेड तसाच होता. सोमा नावाचा एक जण हसला आणि मग सगळेच हसायला लागले.

पहिली भरणी संपली, बांबू खाली घेऊन दुसरी भरली. काही सापडलं नाही. ती संपत आली तेव्हा दीड वाजला होता. छतात काही नव्हतं. मग धाकूनं टॉर्च सोडवून हातात घेतला आणि डाव्या भिंतीला लावून खालून वर रोखला. सोळाशे बासष्टला, खांद्याच्या उंचीवर, एक काळी रेघ उमटली. ती तिरकी वर चढत गेली होती आणि दिसेनाशी होईपर्यंत थांबलीच नव्हती. भेग केसाएवढी होती, पण तिचा खालचा काठ जरासा उचलला गेला होता आणि त्या उचललेल्या काठाची सावली बोटभर रुंद पडत होती. डोंगरानं अस्तर आत ढकललं होतं. भेगेच्या खालच्या टोकातून पाण्याची बारीक धार येत होती. सहा वर्षं बाहेर गेलेलं पाणी आता उलटं आत येत होतं.

धाकूनं भेगेवर हात ठेवला. “हीच,” तो म्हणाला.

बंदच्या काळापुरती बोगद्यात तारेच्या फोनची एक पेटी आणून ठेवली होती. केतकीनं त्यावरून शेवडेंना गाठलं आणि आपलं नाव सांगितलं. भेग सापडली आहे, पंचवीस मीटरपेक्षा लांब आहे, काठ उचललेला आहे. शेवडे आधी ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, कोणत्या टॉर्चनं पाहिलं? तिनं तेही सांगितलं. मग ते म्हणाले, बाहेर या, लेखी द्या, पुढच्या बंदच्या वेळी तज्ज्ञांकडून खात्री करून घेऊ. प्रमाणपत्र नसलेलं उपकरण आत नेल्याबद्दल तुमची शेड सील होऊ शकते, गुन्हाही दाखल होऊ शकतो, हे मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

“करा दाखल,” केतकी म्हणाली. “पण पुढचा बंद सहा वर्षांनी आहे.”

“मॅडम, चार वाजता दारं उघडायची आहेत. राज्याला वीज लागते.”

“फळ्यावर सात बिल्ले आहेत, साहेब. आम्ही बाहेर येत नाही. तुम्ही आत या.”

तिनं फोन ठेवला. टोळीला विचारल्याशिवाय तिनं सातांच्या वतीनं बोलून टाकलं होतं. तिनं तसं कबूल केलं. ज्याला जायचं असेल त्यानं जावं, असंही म्हणाली. सोमानं गाळातून एक उलटं घमेलं उचललं, पुसलं आणि तिला बसायला दिलं. बाकीचे भिंतीला टेकून बसले. येडगेवाडीत त्यांच्यातल्या चौघांची घरं होती. उरलेले दोघं का बसले ते त्यांनी सांगितलं नाही.

दोन वाजता फोन वाजला, कुणी उचलला नाही. अडीचला पुन्हा वाजला. धाकू म्हणाला, वाजू दे. उजेड चालू ठेवायचा असं ठरलं होतं. येणाऱ्याला लांबून दिसलं पाहिजे की इथं माणसं आहेत आणि काहीतरी पाहत आहेत. पण तीनच्या सुमाराला शेवटच्या बाटलीतलं पाणीही संपलं आणि टॉर्चचं अंग तापायला लागलं. पन्नास अंश, बावन्न, केतकीच्या तळहाताला अंदाज होता. नियामक नव्हता, त्यामुळे तो लाजणार नव्हता. तो सरळ जळून गेला असता. केतकीनं तो चटके सोसत भिंतीकडं नेला आणि भेगेतून येणाऱ्या धारेखाली धरला. धार कंगोऱ्यांवर पसरली. तांब्यानं पाणी ओढून घेतलं, अंग पुन्हा ओलं झालं, आणि मुठीतली पोकळी हळूहळू भरत गेली. डोंगरातून आलेल्या त्या पाण्यावर टॉर्च पुढं चालू राहिला आणि बोगदाभर आपली पांढरी वाफ सोडत राहिला.

साडेतीनला वरच्या बाजूनं पावलं ऐकू आली. शेवडे दोन कनिष्ठ अभियंत्यांना घेऊन आले होते. गमबुटांत विजार खोचलेली, चेहरा रागानं लाल. त्यांनी आल्या आल्या स्वतःचा प्रमाणपत्राचा टॉर्च भिंतीवर समोरून मारला. भिंत गुळगुळीत दिसली. त्यांनी इकडं मारला, तिकडं मारला. धाकूनं बोट लावलं तिथंही मारला. मग त्यांचा टॉर्च लाजला आणि ते हातातल्या मिणमिणत्या दिव्याकडं बघत उभे राहिले.

केतकीनं आपला टॉर्च त्यांच्या हातात दिला. तो गरम होता आणि ओला होता. शेवडेंनी तोही समोरूनच धरला. तेव्हा धाकू पुढं झाला. आयुष्यात साहेबाला कधी हात न लावलेल्या त्या माणसानं साहेबाचं मनगट धरलं आणि ते भिंतीला टेकवलं.

काळी रेघ उमटली. शेवडेंनी हात भिंतीपासून दूर घेतला, रेघ गेली. टेकवला, आली. असं त्यांनी चार वेळा केलं. मग ते रेघेमागं चालत गेले, भिंतीला हात घासत, गाळात धडपडत, आणि अंधारात त्यांचा उजेड लांब लांब जात राहिला. कुणी त्यांना थांबवलं नाही. कुणी घड्याळही पाहिलं नाही. परत आले तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत पाणी ओघळत होतं. त्यांनी पेटीपाशी जाऊन फोन उचलला. दारं उघडू नका, ते म्हणाले. वाडी रिकामी करायला माणसं पाठवा, आत्ता, माझ्या नावावर.

धाकू मटकन खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. सोमा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

शेवडे फोनची पेटी बंद करून तिथंच उभे होते. त्यांचं बोलणं आता कुणा एकाला उद्देशून नव्हतं. ड्रोनवर दिवा आणि कॅमेरा शेजारी शेजारीच असतात, ते म्हणाले. जिथून उजेड पडतो तिथूनच तो बघतो. त्याला सावली कधी दिसणारच नाही. ती दिसू शकत नाही, आणि हे एवढं साधं आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण अहवाल तीन मिनिटांत वाचून होतो.

“मी या सहा वर्षांत अकरा बोगद्यांच्या असल्या अहवालांवर सही केली आहे,” ते म्हणाले.

केतकीनं त्यांच्या हातातून टॉर्च घेतला, पुन्हा धारेखाली धरला आणि भरू लागली.

“बाकीचे दहा कुठं आहेत?” तिनं विचारलं.